पाचला सोडा

माझी बायको आणि माझी बहीण एकमेकींशी बोलू लागल्या तेव्हा मी छातीइतक्या पाण्यात उभा होतो आणि माझा डावा पाय जाळीत अडकला होता. पायाची मला तितकी भीती वाटली नव्हती. भीती वाटली ती त्या दोघींचे आवाज एकापाठोपाठ एक ऐकून. आई गेल्यापासून त्या दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. त्या बोलतायत म्हणजे वर काहीतरी भयंकर झालं असणार, हे मला शब्द कळायच्या आधीच कळलं.

आम्ही तिघंही एकाच ठिकाणी कामाला. नळ, कड्या, घड्याळांचे पट्टे यांना चकचकीत मुलामा देणारे पुष्कळ कारखाने आमच्या भागात आहेत, आणि त्या सगळ्यांचं घाण पाणी आमच्याकडे येतं. त्यात सायनाइड असतं. लोकांना हा शब्द रहस्यकथेतला वाटतो, आमच्याकडे तो पाइपातून येतो. पहिल्या हौदात ब्लीच घालून आम्ही त्याचं सायनेट करतो. सायनेट म्हणजे सायनाइडचा धाकटा भाऊ. थोरल्याइतका खुनशी नाही, पण घरात ठेवून घ्यावा असाही नाही. मग ते पाणी ओळीने मांडलेल्या टाक्यांत जातं. त्या टाक्यांच्या गाळात जंतू असतात आणि जंतूंच्या पोटात सायनेट मोडणारं एक एन्झाइम असतं. माझी बहीण, म्हणजे आमची चिमी, वरच्या प्रयोगशाळेत बसून पाणी तपासते. बायको टाक्यांचे व्हॉल्व्ह सांभाळते. मी पंप आणि जाळ्या सांभाळतो, आणि या दोघींना सांभाळतो. शेवटच्या कामाचं कुणाला कौतुक नाही.

ते एन्झाइम काय चीज आहे हे चिमीने आम्हाला एकदा जेवायच्या टेबलावर शिकवलं होतं. तेव्हा आई होती आणि सगळं बरं चाललं होतं. "दहा तुकडे असतात," चिमी म्हणाली, "दहाही अगदी एकसारखे. पण एकेकटे काही कामाचे नाहीत. दोन-दोनच्या जोड्या करतात आणि अशा पाच जोड्या रिंगण धरून बसतात." मग तिने माझ्या बायकोचा उजवा हात ओढला, त्याला स्वतःचा डावा लावला आणि आईला म्हणाली, "ओत पाणी."

आईने पेल्यातलं पाणी ओतलं. दोघींच्या तळव्यांची मिळून एक ओंजळ झाली होती, तीत ते राहिलं.

"सायनेट इथे येऊन बसतं, आमच्या मधल्या खळग्यात. अर्धा खळगा वहिनीचा, अर्धा माझा. एकीने हात काढला की..."

हिने मुद्दाम हात काढला. सगळं पाणी माझ्या ताटात. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आणि नुसती ओंजळ पुरत नाही," चिमी हसू आवरत म्हणाली. "सायनेटच्या शेजारी बायकार्बोनेट यावं लागतं. म्हणजे आपला साधा खायचा सोडा. दोघांची गाठ पडली की सायनेट मोडतं, त्याचा अमोनिया होतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. सोडा नसेल तर एन्झाइम नुसतं हात पसरून बसतं."

"आपल्या पोटात आहे का गं हे?" आईने विचारलं.

"नाही ना. जंतूंकडे आहे, झाडांकडे आहे. आपल्याकडेच नाही."

पुढे आईची मूत्रपिंडं गेली. रक्तात युरिया साचला की त्यातून थोडं थोडं सायनेट होत राहतं आणि अंगातल्या प्रथिनांना चिकटत जातं, हे मला चिमीनेच सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून, रडत. "दादा, मी दिवसभर जे मोडत बसते ना, तेच आईच्या अंगात आहे. आणि मला काही करता येत नाही."

आई राहायची चिमीजवळ, पण शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी ही एकटी होती. मी औषधं आणायला गेलो होतो आणि चिमी कामावर होती. आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि हिच्याकडे बघून म्हणाली, "सोडा." एवढंच. मी परत आलो तेव्हा ही रडत डॉक्टरांसमोर उभी होती. "आई म्हणतायत, सोडा आता मला. किती छळायचं त्यांना?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. डायलिसिस थांबलं. चिमी पोचली तेव्हा आई शुद्धीवर नव्हती.

"आई असं म्हणणारच नाही," चिमी म्हणाली. "हिने आपल्या मनातलं आईच्या तोंडात घातलंय."

त्या वाक्यावर अबोला सुरू झाला. कामाचं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. 'वहिनी' हा शब्द चिमीच्या तोंडून गेला आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं. "दादा, तुझ्या मंडळींना सांग, तीन नंबरच्या टाकीची हवा कमी करा." मग ही, दोन हातांवर उभी असून, माझ्याकडे तोंड करून, "सांगा त्यांना, केली." राग आला की आमच्या घरात आदर वाढतो.

तर त्या दिवसाचं सांगत होतो. टाक्यांतून साफ झालेलं पाणी मधल्या हौदात येतं आणि तिथून शेवटच्या विहिरीत. विहीर म्हणजे आपला झाकणाचा खोल खड्डा, त्यात पंप आहे. दुसऱ्या अंगाने कारखान्यांचं आम्लाचं पाणीही तिथेच येतं. त्या दुपारी पंपाच्या जाळीत चिंध्या अडकल्या आणि पंप बंद पडला. खाली उतरायचं तर सगळे व्हॉल्व्ह बंद हवेत, हवेचा पंखा लावायला हवा आणि वर एक माणूस हवा. व्हॉल्व्ह बंद होते. माणूस म्हणून ही होती. पंखा मी लावला नाही, कारण काम एवढंसं होतं. एवढंसं काम म्हणूनच माणसं मरतात, हे आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं आहे आणि ते मीच रंगवलंय.

चिंध्या निघाल्या. वर यायला वळलो तर पाय घसरला आणि बूट दोन गजांच्या मध्ये जाऊन बसला. ओढला, पिळला, काही नाही. वरून हिने विचारलं, "झालं का हो?" मी म्हटलं, "होतंय." पाय अडकलाय म्हणालो असतो तर पुढची दहा वर्षं ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीतून चिमीचा आवाज आला.

"पाचला सोडा!"

निरोप्या विहिरीत होता, म्हणून बिचारीला हिच्याशी थेट बोलावं लागलं. आणि बोलायचंच तर कमीत कमी शब्दांत. मी ते ऐकलं, पण मी बुटाशी झटत होतो. वर हिची पावलं लांब गेली. मग पाच नंबरचा व्हॉल्व्ह करकरला. मग पाइपात पाणी धावू लागलं.

मधल्या हौदाच्या व्हॉल्व्हचं रबर झिजलेलं आहे. बंद केला तरी तो मनगटाएवढी धार सोडतो. ते बदलायचं काम माझंच. ती धार माझ्या खांद्याशेजारी पडू लागली. मी निवांत होतो. पाचचं पाणी सोडलंय म्हणजे ते साफ झालंय, पंप सुरू होईपर्यंत जरा पातळी वाढेल, त्यात काय.

"वहिनी!"

तो शब्द ऐकला आणि मी बूट ओढायचा थांबलो.

"वहिनी, पाच कुणी उघडलं?"

"मी. तुम्हीच म्हणालात, सोडा."

"अगं सोडा म्हणजे सोडा! खायचा सोडा! पाचमधला सोडा संपलाय, काहीच मोडत नाहीये तिथे, सगळं सायनेट तसंच आहे. सोडा घाल म्हणत होते मी!"

"मग तसं म्हणायचं ना! मला वाटलं, तुम्ही मला अहो-जाहो करताय!"

चिमी नेहमीसारखी असती तर 'वहिनी, सोड' म्हणाली असती, आणि 'सोडा' म्हणाली असती तर तो पोत्यातलाच सोडा असता. पण आमच्या घरात आदर वाढला होता. ध चा मा करायला निदान कुणीतरी मुद्दाम बसलं होतं म्हणतात. इथे कुणी काहीच केलं नव्हतं. दोघींनी फक्त एकमेकींना 'तू' म्हणायचं सोडलं होतं.

"बंद कर ते! आणि दादा, तू वर ये. आत्ताच्या आत्ता!"

"येता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"पाय अडकलाय."

मग बायकोचा आवाज आला, "कधीपासून?"

"मघापासून."

"आणि 'होतंय' काय म्हणत होतात? काय होत होतं?"

एरवी मी यावर काही बोललो असतो. पण धार पडत होती तिथे पाणी बारीक बारीक फसफसू लागलं होतं आणि माझे डोळे चुरचुरायला लागले होते. सायनेट आम्लात पडलं की काय होतं ते मला माहीत होतं. डोळे आणि फुप्फुसं जाळणारी वाफ निघते आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड. तो खड्ड्यात बसून राहतो आणि हवा वर ढकलतो. माणूस न ओरडता खाली बसतो. लोक पाचावर धारण बसली म्हणतात. माझी खरोखरच पाचावर बसली होती.

पाच बंद झाल्याचा आवाज आला, पण धार थांबली नाही. मधला हौद भरलेला होता आणि झिजलेल्या रबरातून तो माझ्यावर रिकामा होत होता.

पंख्याची कॅनव्हासची नळी माझ्या डोक्यावर येऊन लोंबली. फाटकी होती, पण हवा येत होती. मी तोंड तिच्यात घातलं. वर बायको म्हणाली, "मी सोड्याचं पोतंच ओतते विहिरीत. आम्ल मरेल ना?"

"नको! तिथे नको! आम्लात सोडा पडला तर सगळा फेस होईल, उरलेली हवा जाईल. मधल्या हौदात घालायचा. दोनमधला गाळ जिवंत आहे, तो पंपाने मधल्या हौदात घे. गाळ आणि सोडा दोन्ही पाहिजेत. एकट्याने काही होत नाही."

"माहीत आहे," ही म्हणाली. "ताटात सांडलं होतं ना."

मग धावपळ. मला फक्त आवाज ऐकू येत होते. फायर ब्रिगेडला कुणीतरी फोन करत होतं. गाळाचा पंप धडधडू लागला. कोठीचं दार आपटलं. चिमीचा आवाज रडकुंडीला आलेला: "दोन्ही पोती पांढरी, वरचं लिहिलेलं भिजून गेलंय. यातलं एक धुण्याच्या सोड्याचं आहे. तो पडला तर एन्झाइम मरेल. थांब, मी वरून तपासायची पट्टी आणते."

"पट्टी कसली आणतेस!" मग थुंकल्याचा आवाज. "थू! जीभ जळली. हा धुण्याचा. हा... हा खायचा. घे!"

"वहिनी, असं काही चाटायचं नसतं गं..."

"तुझा भाऊ बुडतोय खाली! किती घालू?"

"मी सांगते तेवढाच. जास्त नको."

पाणी छातीवरून गळ्याशी आलं होतं. वाकून पायाशी हात न्यावा तर डोकं त्या पाण्यात बुडवावं लागणार होतं, आणि डोळे तर आधीच उघडत नव्हते. प्रत्येक श्वास घशात खरवडत होता. कॅनव्हासच्या नळीत तोंड घालून उभा असताना मला आईचा मास्क आठवला. तिलाही असंच होत असेल का, हवा समोर असून आत न जाणारी? मी घाबरट माणूस नाही असं मी लोकांना सांगत आलोय. ते खोटं आहे. मी त्या विहिरीत रडलो. मला मरायचं नव्हतं, तेही या दोघींच्या देखत, त्यांच्या हातून.

"दादा, बोलत राहा!" चिमी वरून ओरडत होती. "वास येतोय का काही? अमोनियाचा?"

"नाही."

"आता?"

"नाही गं."

मधल्या हौदात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. त्या काळ्या गाळात, डोळ्यांना न दिसणारी, जोडीजोडीने बसलेली ती रिंगणं. त्यांनी माझ्यासाठी ओंजळ धरावी म्हणून मी हात जोडले. देवापुढे कधी इतक्या मनापासून जोडले नव्हते.

आणि मग वास आला. आधी पुसट, मग नाकात भपकाच. सार्वजनिक मुतारीत येतो ना, तोच. या वासावरून आजूबाजूचे लोक आम्हाला शिव्या देतात. माझ्या जिवात जीव आला.

"मुतारी!" मी ओरडलो. "चिमे, मुतारी!"

वरून दोघींचं हसू ऐकू आलं की रडू, ते कळलं नाही. चिमी नमुने घेत होती. "उतरतंय... अजून उतरतंय... अजून थांब."

"थांबायला वेळ कुठे आहे?" ही म्हणाली. "पाणी हनुवटीला लागलंय त्यांच्या. फायर ब्रिगेड येईल तेव्हा येईल. मी उतरते."

तिने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक चिमीच्या हातात दिलं आणि शिडीवरून खाली आली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "होतंय ना?" आणि नाक दाबून पाण्याखाली गेली. मला माझ्या पायावर तिचे हात जाणवले. बुटाला चाचपत होते. मग दोर ताणला गेला आणि तिचे हात सुटले. ती वर आली, धापा टाकत ओरडली, "सोडा!"

दोर तसाच ताणलेला राहिला.

"सोडा ना!"

"काय सोडा?" चिमी वरून ओरडली. "नीट सांग. मी काही सोडणार नाही. काय सोडा?"

"दोर! चिमे, दोर सोड!"

दोर सैल झाला. ही पुन्हा खाली गेली. बुटाची मागची बाजू तिने कमरेला खोचून आणलेल्या चाकूने चिरली आणि माझा पाय बुटातून असा निघाला की मी मागे पडलो. त्या दोघींनी मला वर कसं ओढलं ते मला आठवत नाही.

नंतर आम्ही तिघं हौदाच्या कट्ट्यावर बसलो होतो, भिजलेले, गाळाने माखलेले. माझे डोळे चिमीने धुऊन दिले होते. फायर ब्रिगेडची गाडी फाटकातून आत येत होती. चिमी सारखी बोलत होती. सोड्याचं पोतं हिच्या पायाशी कलंडलं होतं, त्याच्याकडे ही टक लावून बघत होती.

"आई मला कधी अहो-जाहो करत नव्हत्या," ती म्हणाली.

"म्हणजे?" चिमीने विचारलं.

"मला म्हणायचं असतं तर 'सोड' म्हणाल्या असत्या. 'सोड गं आता मला.' त्या 'सोडा' म्हणाल्या." ती चिमीकडे वळली. "चिमे, त्यांना मळमळायचं ना शेवटी शेवटी? त्या... त्या सोडा प्यायच्या का गं? बाटलीतला?"

चिमीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मळमळलं की आई एकच हट्ट करायची. घोटभर सोडा दे. डॉक्टरांनी पाण्याचे घोटसुद्धा मोजून दिले होते, तरी चिमी तिला झाकणभर द्यायची. फ्रिजच्या दारात बाटली असायचीच. ती मीच आणून ठेवायचो. चिमीला आजपर्यंत वाटत होतं की आई काही बोललीच नाही. आता तिला कळलं होतं की आई बोलली, आणि काय बोलली असेल तेही.

"नाही," चिमी म्हणाली. आवाज अगदी साधा. "आई सोडा पीत नव्हती, वहिनी. तिला तो चालायचाच नाही. हो ना दादा?"

"एकदा दिला होता," मी म्हणालो. "ओकली. परत हात लावला नाही."

"डॉक्टरांना, नर्सला, आपल्याला," चिमी म्हणाली. "सगळ्यांना म्हणाली असेल ती. 'सोडा मला.' तुझ्या एकटीला नाही. तू बरोबर ऐकलंस. मीच मूर्ख, विश्वास ठेवला नाही."

"नक्की?" हिने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नक्की," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ही चिमीच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली, मोठ्याने, मोकळं. चिमी तिच्या केसांतला गाळ काढत बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही. मला पुन्हा तीच विहिरीतली भीती वाटत होती. आता हे आम्हा दोघांना जन्मभर धरून ठेवायचं होतं, आणि एकाने जरी हात काढला तरी सगळं हिच्यावर सांडणार होतं.